तिसऱ्यांदा अडली तर परत

दुर्गेशची गाडी मानकापूर चौकात पहिल्यांदा बंद पडली तेव्हा गाडीत एकूण पाच जण होते : दोन माणसं, एक काकू आणि दोन देवी.

माणसं म्हणजे दुर्गेश आणि त्याची बायको मयुरा. काकू म्हणजे सत्यवती काकू, दुर्गेशच्या थोरल्या काकाची बायको, जिच्यापुढे घराण्यातली भलीभली माणसं खुर्चीच्या कडेवर बसतात. आणि देवी म्हणजे ज्येष्ठा आणि कनिष्ठा, घराण्याच्या महालक्ष्म्या. पितळी मुखवटे, नाकात मोत्याची नथ, गळ्यापर्यंत लाल खण, तांब्याच्या परातीत तांदळावर शेजारी शेजारी बसलेल्या. परात काकूच्या मांडीवर आणि तिघींना मिळून एकच सीटबेल्ट.

आजवर या महालक्ष्म्या धरमपेठेत काकूच्याच घरी बसत आल्या होत्या. यंदा काकूच्या गुडघ्यांनी हात टेकले. सोळा भाज्या, पुरण, आंबील, कढी, शिवाय शंभरेक माणसांची पंगत हे आता झेपणार नाही असं गुडघ्यांनी कळवलं. तेव्हा काकूने सगळ्यांना बोलावून जाहीर केलं की यंदापासून महालक्ष्म्या खापरखेड्याला, दुर्गेशकडे. मयुराच्या हातानं.

त्या क्षणी दिवाणखान्यात जी शांतता पसरली तिच्यात पंख्याचा आवाजसुद्धा उद्धट वाटला. कारण सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की मान अरुंधती वहिनीचा. अरुंधती वहिनी म्हणजे दुर्गेशच्या चुलतभावाची बायको. तीही धरमपेठेतच राहते, तिच्या देवघराला एसी आहे. अरुंधती वहिनी फक्त "अच्छा" म्हणाली. पण ते अशा सुरात की फ्रिजमधलं दूध फाटलं, असं दुर्गेशचं म्हणणं. मयुराच्या मते ते दूध आधीपासूनच शिळं होतं.

मयुरा मात्र त्या रात्री रडली. आनंदानं. लग्नाला दोन वर्षं झाली तरी या घरात तिच्या पोळीचा आकार, तिच्या वरणाचा पातळपणा आणि तिचं माहेर यांवर चर्चा चालूच होती. आता देवीच तिच्या हातानं जेवणार म्हटल्यावर पोळीवर बोलणार कोण? तिने खापरखेड्याच्या वसाहतीतल्या यच्चयावत बायांना हळदी-कुंकवाचं आमंत्रण देऊन टाकलं होतं.

आणि दुर्गेश? घराण्यात आजवर त्याच्यावर सोपवलेली सगळ्यात मोठी जबाबदारी म्हणजे चुलतबहिणीच्या लग्नात चपला सांभाळणं. त्यातही दोन जोड कमी भरले होते. त्याच माणसाच्या गाडीत आज महालक्ष्म्या बसल्या होत्या. रात्रभर त्याला झोप नव्हती. पहाटे उठून त्याने गाडी दोनदा धुतली होती. दुसऱ्यांदा धुताना पहिल्यांदा धुतलेली आहे हे त्याच्या लक्षात नव्हतं.

गाडी त्याने दोन आठवड्यांपूर्वीच कळमेश्वरच्या एका माणसाकडून घेतली होती. वीस वर्षांची, लाल, जपून वापरलेली. "लेडी डॉक्टरची होती साहेब," विकणारा म्हणाला होता, "क्लिनिक टू घर, घर टू क्लिनिक." नागपुरात जुनी विकायला निघालेली प्रत्येक गाडी लेडी डॉक्टरचीच असते. शहरात इतक्या लेडी डॉक्टर असताना दवाखान्यात नंबर लागत नाही, याचं दुर्गेशला नेहमी नवल वाटायचं. पण गाडी चांगली होती. पंधरा दिवसांत एकदाही कुरकुरली नव्हती.

आणि आज, महालक्ष्म्या पाठीशी घेऊन धरमपेठेतून निघाल्यावर पाऊण तासाच्या आत, मानकापूर चौकाच्या ऐन मधोमध, इंजिनने दोन आचके दिले, एक उसासा सोडला आणि ते गप्प झालं.

"काहून थांबवली गा?" मागून काकू.

"मी नाही थांबवली काकू. आपोआपच बंद पडली."

"बंद पडली म्हणू नको. महालक्ष्म्या आत असताना गाडी बंद पडत नसते. अडत असते."

मागच्या गाड्यांनी एकसाथ हॉर्न सुरू केले. दुर्गेशला उत्तर देता येत नव्हतं, कारण काकूने हॉर्न वाजवायला मनाई केली होती. देवी दचकतात. त्याऐवजी पुढच्या सीटवर बसलेल्या मयुराच्या हातात पूजेची घंटी दिली होती आणि ती खिडकीबाहेर हात काढून वाजवायची होती. धरमपेठ ते मानकापूर ती इमानदारीने वाजवत आली होती. वाटेत दोघातिघांनी तिला नमस्कार केला, एकाने आइस्क्रीम मागितलं.

"वाजव ना वं," काकू म्हणाली.

"वाजवून राहिली ना काकू, पण आता वाजवून काय फायदा? आपणच रस्त्यात उभं आहो."

दुर्गेश उतरला. अनवाणी, कारण देवी गाडीत असताना चालवणाऱ्यानं चामडं घालायचं नाही, असाही नियम होता. भाद्रपदातलं ऊन, पाऊस उघडलेला, डांबर पोळ्या भाजण्याइतकं तापलेलं. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत बॉनेटजवळ गेला. आजूबाजूच्यांना वाटलं विसर्जनाचा सराव चालू आहे.

नागपुरात गाडीचं बॉनेट उघडलं की मंडळ आपोआप स्थापन होतं. वर्गणी लागत नाही. एक ऑटोवाला आला, एक दुधवाला आला, एक बँकेत जाणारा गृहस्थ बँकेत जायचं सोडून आला.

"बॅटरी," ऑटोवाला म्हणाला.

"गरम झाली," दुधवाला म्हणाला.

"नजर," बँकवाला म्हणाला. बँकवाल्याच्या तोंडून हे ऐकून दुर्गेशला आपल्या ठेवींची काळजी वाटली.

दुर्गेशने मीटर पाहिलं. तापमानाचा काटा मधोमध, म्हणजे गरम झाली नव्हती. लाइट लागत होते आणि किल्ली फिरवली की इंजिन खर्र-खर्र-खर्र करत फिरत होतं, म्हणजे बॅटरीही ठीक. फक्त ते पेट घेत नव्हतं. पेट्रोलचा काटा तर फुल्ल होता. सकाळीच काठोकाठ भरलं होतं, इतकं की पंपावरच्या पोराने ते सांडवलंही होतं. मंडळाने धक्का मारून गाडी कडेला लावली. दुर्गेशने बॅटरीच्या वायरी उगाच हलवल्या, आवळल्या, फुंकर मारली. या सगळ्यात दहाएक मिनिटं गेली असतील. मग त्याने किल्ली फिरवली आणि गाडी जणू काही झालंच नाही अशी सुरू झाली!

मंडळाने टाळ्या वाजवल्या. मयुराने घंटी वाजवली. "बॅटरीच होती," ऑटोवाला म्हणाला आणि जग जिंकल्यासारखा निघून गेला. दुर्गेशला वाटलं, आपण मेकॅनिक व्हायला हवं होतं.

"एक झालं," मागून काकू म्हणाली.

"एक काय काकू?"

"माह्या सासूनं मले सांगून ठेवलं आहे. महालक्ष्म्या नव्या घरी नेताना एकदा अडल्या, म्हणजे त्यायले जुन्या घराची याद आली. दोनदा अडल्या, म्हणजे विचार करून राहिल्या. तिसऱ्यांदा अडल्या, म्हणजे नाही. मग मुकाट्यानं परत न्यायच्या. त्यायच्या मनाविरुद्ध घरात बसवल्या तर ते घर बसते."

मयुराच्या हातातली घंटी थांबली. "परत म्हणजे काकू... तुमच्याकडे?"

"माह्याकडे कशा? माहे गुडघे पाहिले का? अरुंधतीकडे."

दुर्गेशने आरशातून मागे पाहिलं. आरशात तिघींचे चेहरे दिसत होते आणि तिघींच्याही चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती.

"पण काकू, आजीच्या वेळी बैलगाडी होती," तो म्हणाला. "बैल अडला तर समजू शकते."

"तेच तर. बैलाले जीव असते, त्याले समजते. तुह्या गाडीले काय समजते?"

"मीही तेच म्हणून राहिलो ना! गाडीले काय समजते?"

"म्हणूनच तर. जिले काही समजत नाही ते जर अडली, तर अडवणारं कोणी दुसरंच आहे."

या युक्तिवादात कुठेतरी भोक होतं, पण दुर्गेशला ते सापडेना आणि समोरून ट्रक येत होता.

पुढचा रस्ता त्याने श्वास रोखून काढला. गणपतीचे दिवस, दर चौकात मंडप, दर मंडपात लाउडस्पीकर. मयुरा खिडकीतून घंटी हाणत होती, काकू पुटपुटत होती, दुर्गेश गाडीशी बोलत होता. "चाल बाई. चाल माय. लेडी डॉक्टरची आण तुले." मयुराच्या हातात फोन वाजला. अरुंधती वहिनी.

"पोचले का गं?"

"पोचतोच आहो वहिनी."

"नाही, एक ओळखीचे मानकापूरले उभे दिसले तुम्हाले. म्हटलं काही अडचण तर नाही. आम्ही पण सहज निघालो आहो. मोठी गाडी आहे, एसी आहे, देवीले गरम नाही होणार."

"सहज निघाली," फोन ठेवून मयुरा म्हणाली. "महालक्ष्म्यांच्या दिवशी दुपारी, सोळा भाज्या निवडायच्या वेळी, कोराडी रोडले, सहज."

आणि बरोबर कोराडीला, देवीच्या देवळाकडे वळायच्या फाट्यावर, गाडीने दोन आचके दिले, उसासा सोडला आणि ती गप्प झाली.

मयुराने डोळे मिटले. दुर्गेशने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं आणि चुकून हॉर्न वाजला. काकूने परातीवर हात ठेवून देवींना धीर दिला.

पण दुर्गेशचं डोकं संकटात चालायचं. "काकू!" तो गर्रकन मागे वळला. "हे अडणं नाही! कोराडीची देवी महालक्ष्मीच आहे ना? यायची मोठी बहीण! इतक्या जवळून जाऊन बहिणीले न भेटता कशा जातील? हे दर्शन आहे!"

काकूने बराच वेळ विचार केला. घराण्याच्या परंपरेत या प्रसंगाची तरतूद नव्हती. शेवटी ती म्हणाली, "अर्धं धरते."

"अर्धं?"

"दीड झालं."

तिने देवळाच्या दिशेला परात थोडी उचलून धरली, बहिणींची भेट घडवली आणि पुन्हा मांडीवर घेतली. दुर्गेश उड्या मारत बॉनेटकडे पळाला.

या वेळी मंडळात एकच सभासद आला, पण खंदा. मोपेडवर केळीच्या पानांचे भारे बांधून चाललेला एक मिशीवाला. त्याचं नाव रुपराव हे त्याने न विचारता सांगितलं, आणि आपण तरुणपणी ट्रॅक्टर खोलून परत जोडला होता, फक्त तीनच बोल्ट उरले होते, हेही. तो भारे बाजूला ठेवून हातोहात कामाला लागला. प्लग काढला, वायरीला लावून इंजिनच्या लोखंडाला टेकवला आणि ओरडला, "मार सेल!"

दुर्गेशने किल्ली फिरवली. चट्ट! निळी ठिणगी.

"करंट चकाचक," रुपराव म्हणाला. मग त्याने पेट्रोलची नळी सैल केली. "पुन्हा मार!"

नळीतून पेट्रोल यायला हवं होतं पिचकारीसारखं. आलं टिपंभर. मग अर्धं टिपं. मग नळी नुसती ओली राहिली.

"घ्या!" रुपराव मिशीवर हात फिरवत म्हणाला. "पेट्रोलच येऊन नाही राहिलं. पंप गेला. आज सणाचा दिवस, पंप काही भेटत नाही. भेटला तरी बसवणारा आज पुरणपोळी खाऊन झोपला असन."

"आज नाही ना भाऊ, पुरण उद्या असते," मयुरा खिडकीतून म्हणाली.

"आमच्याकडे आजपासूनच सुरू होते," रुपराव म्हणाला.

त्याने नळी बसवली, प्लग बसवला. दुर्गेशने शेवटचा उपाय म्हणून किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. एका झटक्यात, गुरगुरत, आनंदात.

रुपराव मागे सरला. त्याने चालत्या इंजिनकडे पाहिलं, मग मागच्या सीटवरच्या दोन पितळी चेहऱ्यांकडे पाहिलं. "गेलेला पंप दहा मिनिटांत परत येत नसते भाऊ," तो हळूच म्हणाला. "पंप नाही गेला. मग हे देवाचंच आहे." त्याने केळीची दोन पानं काढून खिडकीतून परातीजवळ ठेवली, मोपेडला किक मारली आणि मागे न पाहता निघून गेला.

"देवाचंच आहे," काकू समाधानाने म्हणाली.

दुर्गेश बॉनेट आपटून आत बसला, पण त्याच्या डोक्यात रुपरावचं वाक्य अडकलं. गेलेला पंप परत येत नाही. बरोबर. पंप बरा आहे, करंट बरा आहे, टाकी भरलेली आहे, तरी पेट्रोल येत नाही. आणि थोडा वेळ आराम दिला की येतं. पुन्हा काही किलोमीटर चाललं की नाही. हा कुठला आजार, जो चाललं की होतो आणि बसलं की बरा होतो? काकूच्या गुडघ्यांचा. पण गाडीला गुडघे कुठून येणार?

दूरवर खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या. दुर्गेश तिथेच नोकरीला. कंट्रोल रूममध्ये बसून दिवसभर काटे बघायचं काम. त्या चिमण्या बघून त्याला रोज आळस यायचा. आज त्याला रडू यायचं बाकी होतं. घर एवढंस्सं राहिलं होतं. मयुराने घंटी मांडीवर ठेवून दोन्ही हात जोडले होते. ती देवीला काहीतरी कबूल करत होती आणि त्यात दुर्गेशचं पान खाणं बंद करण्याचा समावेश असावा असा त्याला संशय आला. करा बापा. बंद करा. फक्त चालू द्या.

कोळशाचा एक भलामोठा ट्रक धूळ उडवत गेला. धूळ खाली बसली तेव्हा गाडी थांबलेली होती.

दोन आचके. उसासा. गप्प.

मागून कट् असा आवाज आला. काकूने सीटबेल्ट सोडला होता.

"काकू," दुर्गेश म्हणाला, "अडीच झाले. तीन नाही झाले."

"अडीच म्हणजे तीनच."

"अडीच म्हणजे अडीच! अर्धं तूच धरलं होतं!"

"मी काय भाजीबाजारात उभी आहो का गा, भाव करायले? देवी घरच्या रस्त्यावर तिसऱ्यांदा अडल्या. त्यायले तुह्याकडं यायचं नाही." काकूचा आवाज मात्र म्हणावा तसा कडक नव्हता. तिने परात अशी छातीशी धरली होती, जशी बाळंतीण बाळ धरते. "येऊन राहिली असन अरुंधती."

येतच होती. आरशात पांढरी मोठी गाडी दिसायला लागली, नव्या टायरांवरून तरंगत.

मयुरा रडली नाही. तिने फक्त पायाशी पडलेली पाण्याची बाटली उचलली आणि तोंडाला लावली, कारण रडायचं नसेल तर माणूस पाणी पितो. बाटली पातळ प्लास्टिकची. तिने ओठ घट्ट लावून ओढलं. बाटली कडकड करत चेपली, पोट आत गेलं आणि पाणी यायचं बंद झालं. बाटली अर्धी भरलेली, तरी थेंब येईना. मयुराने ओठ सैल केले. गुडुक्! एक हवेचा बुडबुडा आत गेला, बाटली पुन्हा फुगली आणि पाणी आलं.

दुर्गेश तिच्याकडे बघत राहिला.

"पुन्हा पी," तो म्हणाला.

"काय?"

"पुन्हा पी! तसंच! ओठ लावून!"

"तुम्हाले काय झालं हो?"

"मयुरा, पी!!"

ती घाबरून प्यायली. कडकड, पोट आत, पाणी बंद. गुडुक्, हवा आत, पाणी सुरू.

"व्हॅक्यूम!" दुर्गेश किंचाळला. अख्खी शिफ्ट जो काटा बघण्यात जाते तोच तो, व्हॅक्यूमचा काटा! "टाकी श्वास घेऊन नाही राहिली! पेट्रोल बाहेर जाते, पण तेवढी हवा आत येऊन नाही राहिली! पंप ओढून ओढून थकते! आपण दहा मिनिटं थांबलो की कुठून तरी थोडी थोडी हवा शिरते, मग चालू होते!"

तो दार उघडून बाहेर पडला, डांबरावर अनवाणी "आई गं आई गं" करत मागच्या बाजूला धावला. अरुंधती वहिनीची गाडी येऊन थांबली. वहिनी जरीच्या साडीत उतरली आणि तिने पाहिलं की आपला धाकटा दीर रस्त्यात एका पायावर उभा राहून, स्वतःच्याच गाडीच्या कुशीत बोटं घालून हसतो आहे.

त्याने टाकीची खिडकी उघडली. आत झाकण दिसलं नाही. आत कणीक होती. व्यवस्थित मळलेली, पिवळसर, झाकणावर आणि झाकणाभोवती चारी बाजूंनी लिंपलेली. मटणाच्या हंडीचं तोंड वाफ जाऊ नये म्हणून बंद करतात, अगदी तशी. मधोमध, झाकणातलं हवेचं बारीक भोक जिथे असतं तिथे, कणकेला खळगा पडला होता. टाकीने ओढून ओढून ती आत खेचली होती.

दुर्गेशने कणीक उकरली, झाकणाला हात घातला आणि पिळलं.

फुस्स्स्स्स!

इतका लांब, इतका समाधानाचा आवाज की गाडीत बसलेल्या काकूची मान आपोआप लवली. रस्त्यावरून जाणारा सायकलवाला थांबला. मयुरा धावत आली.

"हे कोणी केलं?" दुर्गेश कणकेची अखंड चकती हातात धरून म्हणाला. "लेडी डॉक्टरनं?"

अरुंधती वहिनी जवळ आली. तिने चकती पाहिली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, ही मुरड तर काकूंची!"

बोलून झाल्यावर आपण काय बोललो हे तिला कळलं, पण शब्द गेले होते. आणि शंकेला जागाच नव्हती. चकतीच्या कडेला नेटकी, तिरपी, दोरीसारखी मुरड घातलेली होती. सत्यवती काकूच्या करंजीची मुरड. धरमपेठेत तिची नक्कल करता करता सुनांच्या दोन पिढ्या थकल्या होत्या. हवा जाऊ नये म्हणून लिंपलेल्या कणकेलाही काकूने मुरड घातली होती, कारण उघडी कड तिला बघवत नाही.

सगळ्यांनी गाडीकडे पाहिलं. काकूने काच खाली केली.

"वास येऊन राहिला होता," ती म्हणाली.

आता दुर्गेशला आठवलं. सकाळी पेट्रोल सांडलेलं. "देवीले पेट्रोलच्या वासात नेतं का गा?" म्हणून काकू कडाडली होती. त्याने टाकीची खिडकी उघडून फडक्यानं पुसलं होतं आणि परात आणायला वर गेला होता. तो खाली आला तेव्हा खिडकी बंद होती आणि वास गेलेला होता. काकू अंगणात हात धूत होती. दिव्यांसाठी मळलेली कणीक उरली होती ती. आपण चांगलं पुसलं, असं वाटून दुर्गेश स्वतःवर खूश झाला होता.

"पण काकू," अरुंधती वहिनी सावरली, ती सहजासहजी हरणारी नव्हती, "देवीनंच तर ते तुमच्या हातून करवून घेतलं नसेल ना? म्हणजे त्यायले यायचंच नसेल तर..."

या युक्तिवादात भोक नव्हतं. मयुराने त्याचा हात धरला. काकूने परातीतल्या दोघींकडे पाहिलं. वीज केंद्राच्या चिमणीतून धूर निघत होता, बाकी जग थांबलं होतं.

"अरुंधती," काकू म्हणाली, "इतक्या वर्षांत माह्या हातून देवीनं काय काय करवून घेतलं ते मले माहीत आहे. पुरण करवून घेतलं, सोळा भाज्या करवून घेतल्या, तुह्यासारख्या सुना आणवून घेतल्या. पेट्रोलची टाकी कधी लिंपवून नाही घेतली. कणीक माही होती. देवीनं लिंपवली असती तर पुरण लिंपवलं असतं."

"मग ते तीनदा?" मयुराने विचारलं.

काकू म्हणाली, "ते तीनदा मी अडली."

आणि तिने परातीवरचे हात सोडले. सकाळपासून पहिल्यांदा, दोन्ही एकदम. बोटं इतकी आखडली होती की ती उघडायलाही थोडा वेळ लागला. "घे वं मयुरा. माह्या मांडीले मुंग्या आल्या. आता तू मांडीवर घे, मी घंटी वाजवते."

मयुराने परात घेतली. मग ती रडली.

झाकणातल्या भोकात कणकेचा खडा रुतून बसला होता. दुर्गेशने काडी घातली, काडी मोडली. काकूने बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून खिडकीतून पुढे केली. "हे घे. अन् नीट कोर. मी लिंपलं आहे ते, सहजी निघत नसते." ते सहजी निघालं नाहीच. अरुंधती वहिनीने आपल्या साडीची पिनसुद्धा दिली, आणि मग पदर सावरत शेजारी वाकून कुठे कोरायचं ते सांगतही राहिली, कारण दुसऱ्याला सांगितल्याशिवाय तिला राहवत नाही.

झाकण लागलं. किल्ली फिरली. गाडी अशी सुरू झाली की जणू ती लेडी डॉक्टर खरोखर होऊन गेली असावी.

"काकू, घंटी?" दुर्गेशने विचारलं.

"घंटी राहू दे," काकू म्हणाली. "हॉर्न वाजव. त्यायले कळू दे आपण येऊन राहिलो."

दुर्गेशने हॉर्न दाबला तो वसाहतीचं फाटक येईपर्यंत सोडला नाही. मागे पांढऱ्या गाडीनेही दाबला. सगळ्या गॅलऱ्यांमध्ये बाया आल्या. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत मयुराने सकाळीच कुंकवाची पावलं काढून ठेवली होती. गुडघ्यांना शिव्या देत काकू आत जाऊन उभी राहिली आणि उंबऱ्याबाहेरच्या मयुराला तिने रीतीप्रमाणे विचारलं, "कोण आली?"

"महालक्ष्मी आली," मयुरा परात सावरत म्हणाली.

"कशानं आली?"

सोन्याच्या पावलानं, असं म्हणायचं असतं. मयुराने आठ दिवस पाठ केलं होतं. पण ऐन वेळी तोंडून निघालं, "दुर्गेशच्या गाडीनं आली."

गॅलरीतल्या बाया हसल्या. अरुंधती वहिनी चूक सुधारायला पुढे झाली. काकूने तिला हातानंच थांबवलं आणि परातीला हळद-कुंकू लावलं. "येऊ दे आत," ती म्हणाली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात दिव्यांसाठी कणीक मळली गेली. सोळा दिवे झाले, आरतीचं ताट सजलं आणि थोडी कणीक उरली. काकूने तो गोळा हातात घेतला आणि घरभर एक नजर फिरवली : कुकर, मोरीचं भोक, एक्झॉस्ट पंखा. तिचं नाक किंचित हललं. मयुराने आणि अरुंधती वहिनीने एकाच वेळी श्वास रोखला. दोन वर्षांत त्या दोघींनी मिळून केलेली ही पहिलीच गोष्ट.

काकूने गोळा दुर्गेशच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं मिटून घेतली.

"हे तुह्याजवळ ठेव," ती म्हणाली. "माह्या हाती देऊ नको."

चपला आणि महालक्ष्म्यांनंतर घराण्याने दुर्गेशवर सोपवलेली ही तिसरी मोठी जबाबदारी. अख्खी आरती होईपर्यंत त्याने ती मुठीत धरली होती. टाळ्यासुद्धा एकाच हातानं, मांडीवर वाजवल्या. आणि या वेळी शेवटी मोजलं तेव्हा काहीही कमी भरलं नाही.